अडकित्त्यासकट

महाड,
९ फेब्रुवारी १९८३

प्रिय इंदू,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. मुलगी झाली एवढं वाचलं आणि मी आईला हाक मारली, आजीला उठवून बसवलं आणि पत्र मोठ्यानं वाचायला लागले. तिसऱ्या ओळीवर थांबले. आई म्हणाली, थांबलीस का, वाच की पुढं. मी म्हटलं, अक्षर लागत नाही. तुझं अक्षर तर छापल्यासारखं असतं. मी आईशी खोटं बोलले, आणि तेव्हापासून आज बुधवारपर्यंत माझा राग उतरलेला नाही. तुझ्या मुलीसाठी अभिनंदन, ते अगदी मनापासून आहे, ते वेगळं काढून ठेव. मग बाकीचं वाच. बाळंतिणीला असं लिहू नये हे मलाही कळतं, पण मला थांबता येणार नाही.

ती तिसरी ओळ तुला आठवत नसेल, म्हणून उतरवते. "आपल्याच काट्यावर तोललं. सुईण साळूबाईंनी दटावलं, लोखंडाबिगर पोर उचलायचं नाय गो, म्हणून दुपट्यातच ठेवून. अडकित्त्यासकट दोन किलो सहाशे, आमच्या कुडपणच्या सगळ्या पोरांसारखी छान भरली." हे तू किती आनंदानं लिहिलंयस. पुढं लगेच डिंकाच्या लाडवांचं लिहिलंस. मी मात्र त्या एका शब्दावर चार दिवस बसून आहे. अडकित्त्यासकट. आणि सगळ्या पोरांसारखी.

तू गेल्या फाल्गुनात लग्न करून गेलीस, त्यामुळे सरांच्या वजन-पाहणीसाठी आपण दोन वर्षं केलेल्या पायपिटीचं पुढं काय झालं ते तुला माहीत नाही. मी कळवलंही नाही. लाज वाटत होती म्हणून कळवलं नाही. आपण तीनशे बारा बाळं तोलली. तू एकशे चौसष्ट, मी एकशे अठ्ठेचाळीस. प्रत्येक आईची उंची, रक्त, वय, कितवं बाळंतपण, आधीच्या मुलात किती अंतर, शेवटच्या महिन्यापर्यंत डोक्यावरून पाणी आणि मोळ्या वाहिल्या का, हे सगळं लिहिलं. त्याची कार्डं टोचून सरांनी ती मुंबईला संगणकावर नेली आणि गेल्या दिवाळीआधी हातभर लांब कागद घेऊन आले. रिग्रेशन म्हणजे काय हे सरांनी मला आधी पुस्तकातून शिकवलं होतं. बाळाच्या वजनावर एकाच वेळी दहा गोष्टींचा परिणाम होतो; त्यातली एकेक गोष्ट घ्यायची आणि बाकी सगळं सारखं धरून तिचा परिणाम किती ग्रॅमचा ते काढायचं. आईची उंची एक सेंटिमीटर जास्त, तर बाळ नऊ ग्रॅमनं भारी. रक्तातलं हिमोग्लोबिन एक ग्रॅमनं जास्त, तर बाळ चाळीस ग्रॅमनं भारी. शेवटपर्यंत ओझी वाहिली, तर बाळ एकशे दहा ग्रॅमनं हलकं. मला ते फार आवडलं होतं, इंदू. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली. कुणी कशामुळे मागं राहिलं हे असं ग्रॅममध्ये मोजता येतं, रडून सांगावं लागत नाही, याचं मला केवढं अप्रूप वाटलं होतं.

त्या कागदावर एक रकाना 'समाज' असा होता. बौद्ध असेल तर एक, मराठा असेल तर शून्य. नुसती सरासरी पाहिली तर आमची बाळं तुमच्या बाळांपेक्षा दोनशे साठ ग्रॅमनं हलकी होती. मला त्याचं काही वाटलं नव्हतं. आमच्या बायका बुटक्या, रक्त कमी, कष्ट जास्त, फरक असणारच. ते सगळं सारखं धरलं की तो मिटेल अशी माझी खात्री होती. उंची घातली, फरक उतरला. रक्त घातलं, आणखी उतरला. ओझी घातली, आणखी थोडा. आणि एकशे बेचाळीस ग्रॅमवर येऊन अडला. शेजारी दोन फुल्या, म्हणजे योगायोगानं आलेला फरक नव्हे. मी सरांना विचारलं, आता आणखी काय सारखं धरायचं राहिलं? सर म्हणाले, काही नाही, सगळं धरून झालं. मग त्यांनी अहवालात लिहिलं की इतर सर्व घटक सारखे धरले तरी या समाजातील नवजात बाळांचे वजन कमी आढळते, त्याअर्थी कारण अंगभूत असावे, आणि पूरक आहाराने त्यात विशेष फरक पडेल असे वाटत नाही.

मी विरोध करायचा प्रयत्न केला. सर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "मंजुळा, आकड्याला जात नसते." ते गणित हातानं तीनदा तपासून, बरोबर असल्याची सही मीच केली होती. अहवालाची पक्की प्रतही माझ्याच अक्षरात आहे. अंगभूत हा शब्द मी माझ्या हातानं लिहिला, इंदू. घरी येऊन आजीला समजावून सांगायला गेले. म्हटलं, समज दोन बायका आहेत, सारख्या उंचीच्या, सारख्या रक्ताच्या, सारखी ओझी वाहणाऱ्या. एक इकडची, एक तिकडची. तरी इकडचीचं बाळ हलकं निघतं. आजीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "असल्या दोन बाया तू पाह्यल्यास कुठं गो?" मी म्हटलं, कागदावर. ती हसली आणि कूस बदलून झोपली. मला तिचा राग आला होता. तीन महिने मी आईच्या पोटाकडे बघू शकत नव्हते. आपल्यातच काही कमी आहे असं आयुष्यभर दुसऱ्यांनी सांगितलं ते आम्ही मानलं नाही, आणि या वेळी ते मीच सिद्ध करून घरी आणलं होतं.

आणि मग शनिवारी तुझं पत्र.

सोमवारी मी एक अडकित्ता, एक जुनं कुलूप आणि मोडक्या विळ्याचं पातं घेऊन बाजारपेठेतल्या वाण्याकडे गेले. तुमच्याकडे दुपट्यात ठेवतात ते असंच काहीतरी असणार ना? अडकित्ता एकशे तीस ग्रॅम, कुलूप एकशे पासष्ट, पातं एकशे वीस. सरासरी एकशे अडतीस. तीन वस्तूंवरून काही सिद्ध होत नाही, ठाऊक आहे. पण एकशे बेचाळीस आणि एकशे अडतीस हे दोन आकडे एका कागदावर शेजारी लिहिले आणि मी त्या वाण्याच्या दुकानात पोत्यावर खाली बसले. तो म्हणाला, बाई, पाणी देऊ का? आमच्या रक्तात नव्हतं ते, इंदू. तुमच्या दुपट्यात होतं.

तुला दिसलं कसं नाही? कापडाचं वजन वजा करायचं हे तू कधी विसरली नाहीस. साठ ग्रॅम, प्रत्येक नोंदीत, न चुकता. आणि त्याच कापडाच्या घडीत लोखंड आहे हे एकशे चौसष्ट वेळा तुझ्या डोळ्यांनी पाहिलं नाही? मी चार दिवस याचं उत्तर शोधते आहे. तू लबाडी केलीस असं मला एकदाही वाटलं नाही, ते वाटलं असतं तर पत्रच लिहिलं नसतं. मला वाटतं तुला ते दिसलंच नाही, कारण तुझ्यासाठी ते बाळाचाच भाग होतं. नाळ पडेपर्यंत नाळ असते, तसं दृष्ट लागू नये म्हणून सव्वा महिना लोखंड असतं. तू स्वतः तसंच वाढलीस. मी असते तर मला दिसलं असतं. पण मी नव्हते. आणि मी का नव्हते?

आठवतो ना पहिला दिवस? सरांनी विश्रामगृहाच्या टेबलावर नकाशा पसरला आणि म्हणाले, मंजुळा, बौद्धवाड्या तुझ्या, तुझ्याशी त्या मोकळ्या बोलतील. इंदू, मराठ्यांच्या वाड्या तुझ्या. कामाच्या दृष्टीनं सोयीचं. तू माझ्याकडे पाहिलंस आणि मी नकाशाकडे. सोयीचं म्हणजे काय ते आपल्या दोघींनाही कळलं होतं. कुडपणला, तुझ्या माहेरी, मी तुझ्याबरोबर तीन वेळा आले आणि तिन्ही वेळा पडवीत बसले. तुझ्या आईनं विचारपूस केली, चहा दिला, भाकरी बांधून दिली. कपाबद्दल मी तेव्हा काही बोलले नाही, आजही बोलत नाही. मी फक्त एवढंच म्हणते, की मला एकदा, फक्त एकदा, आत बाळंतिणीच्या खोलीत येऊ दिलं असतं, तर माझ्यासारखी शंकेखोर मुलगी दुपटं उलगडून पाहिल्याशिवाय राहिली नसती. मला बाहेर बसवलं म्हणून चूक झाली, आणि चुकीचा आकडा निघाला तो माझ्याच माथी मारला.

काल मी अलिबागला सरांकडे गेले. त्यांनी वाण्याचा कागद पाहिला आणि हसले. म्हणाले, एका पत्रातल्या एका ओळीवरून तीनशे बाळांचं गणित फिरवायचं का? मी म्हटलं, लोखंडाचं वजन वजा करून पुन्हा गणित मांडू. ते म्हणाले, इंदूच्या प्रत्येक नोंदीखाली तिची सही आहे. ती लिहून देईल तर बघू, नाहीतर अठ्ठावीस तारखेला अहवाल छापायला जाईल. मी उठले तर मागून म्हणाले, "तुला हवा तोच आकडा यावा, असं वाटतंय ना तुला?" दारापर्यंत गेले आणि परत वळून म्हटलं, हो. मला हवा आहे. म्हणून तर मी तीनदा तपासते. तुम्हाला जो मिळाला तो तुम्ही एकदाच तपासलात. हे मी सरांना बोलले, इंदू.

आता जे लिहिते आहे ते मला एस.टी.त कळलं, आणि तिथून माझ्या रागाला कुठं जावं तेच समजेना. पिशवीत वजनांची यादी होती. आमच्या वाड्यांना पूरक आहार मिळणार नाही, म्हणून मी भांडत होते. सहज म्हणून तुझ्या यादीतल्या प्रत्येक वजनातून एकशे अडतीस वजा करत गेले. आपली अडीच किलोची रेघ आठवते ना? त्याखाली वजन असेल तर नर्सबाई दर आठवड्याला येणार, दुधाची भुकटी, आईला लोहाच्या गोळ्या. तुझ्या यादीत रेघेखाली एकोणपन्नास बाळं होती. नागोठण्यापर्यंत ती बहात्तर झाली. सगळ्याच घरी लोखंड असेल असं नाही, दोन-चार कमी धर. तरी वीस बाळं, इंदू. हलकी बाळं, जी अडकित्त्यानं आणि कुलपानं भारी झाली आणि ज्यांच्या घरी कुणी फिरकलं नाही. त्या बायांच्या उशाशी लोखंड होतं आणि रक्तात नव्हतं, आणि आपण त्यांना गोळ्या दिल्या नाहीत.

यादीत चौथं नाव तुमच्या शेजारच्या राहीबाईच्या मुलाचं आहे. तू दोन किलो साडेपाचशे लिहिलंस. महिन्याच्या नोंदीला तुझ्याच अक्षरात आहे, बाळ एकोणिसाव्या दिवशी दगावले. तो दिवस मला आठवतो. तू पोलादपूरच्या स्टँडवर भेटलीस आणि म्हणालीस, वजन तर चांगलं होतं गं, मग असं कसं? आणि मी तुला शहाण्यासारखं सांगितलं की चांगल्या वजनाचीही काही जातात. नर्सबाई गेली असती तर तो वाचला असता असं मी म्हणत नाही. एका बाळावरून काही सिद्ध होत नाही, हे सरांनी मला शिकवलं आहे आणि ते खरं आहे. पण त्याचं वजन चांगलं नव्हतं. एवढं मी म्हणू शकते.

इथपर्यंत लिहून मी उठले होते. पाणी भरून आले, आजीचे पाय चेपले. आता राहिलेलं लिहिते, कारण ते न लिहिता हे पत्र पाठवलं तर मी सरांपेक्षा बरी नाही. आमच्या लोकांनी धम्म घेतला तेव्हा आजीनं स्वतः घराघरांतून असल्या वस्तू काढायला लावल्या होत्या, उशाखालचे चाकू, दाराचे बिब्बे, सगळं. मला त्याचा फार अभिमान आहे, तुला किती वेळा ऐकवलंय. पण सगळं गेलं नव्हतं. बिरवाडीकडच्या दोन घरांत मी बाळ तोलायला गेले, तर दुपट्यात चाकू निघाला. दोन्हीकडे. मी तो बाजूला ठेवायला लावला आणि मग तोललं. वहीत लिहिलं नाही. का लिहिलं नाही? आपल्या वह्या आपण एकमेकींच्या वाचायचो म्हणून. आमच्यात अजून असलं चालतं हे तुला कळू नये म्हणून. तू हसली नसतीस, मला माहीत आहे, तरीही. माझ्या घराची, माझ्या आजीची लाज मी झाकली. नियमाप्रमाणे मी एक ओळ लिहायला हवी होती, 'दुपट्यात लोखंड आढळले, काढून वजन केले.' ती ओळ तू वाचली असतीस आणि त्याच दिवशी कपाळावर हात मारून म्हणाली असतीस, अगं, आमच्याकडे तर सगळीकडे. त्यानंतर महिन्याभरात राहीबाई बाळंत झाली. तारखा मी पाहिल्या आहेत. चार वेळा पाहिल्या.

तेव्हा माझा राग तुझ्यावर एकटीवर नाही, हे आता तुला कळलं असेल. तू दुपट्यात पाहिलं नाहीस, मी पाहिलं आणि सांगितलं नाही. दोघींच्या मध्ये तो अहवाल उभा राहिला. मला तुझ्याकडून एक कागद हवा आहे, तुझ्या सहीचा, की कोणत्या वाड्यांत बाळ लोखंडासह तोललं गेलं. त्याखाली माझा कागद लागेल, त्या दोन घरांचा. सर जे म्हणायचं ते म्हणोत. तुझ्या सासरी काय वाटेल, साळूबाईंना काय वाटेल, मला ठाऊक नाही. आमच्या वस्तीत माझ्या कागदानं काय होईल तेही ठाऊक नाही. आजीला मी अजून सांगितलेलं नाही. पत्र टाकलं की सांगणार आहे.

पण कागद तर चार दिवसांनीही मागता आला असता. हे सगळं मी आज घाईनं लिहिते आहे ते तुझ्या लेकीसाठी. दोन किलो सहाशे अडकित्त्यासकट. तुझ्या आजीचा तो पितळी मुठीचा अडकित्ता मी पडवीतून पाहिलेला आहे, वाण्याकडच्यापेक्षा लहान नाही. वजा कर. तुझी मुलगी रेघेखाली आहे, इंदू, आणि तुमच्या घरात सगळे तिला छान भरलेली समजून निवांत आहेत. घाबरू नकोस, पण निवांतही राहू नकोस. तिला उघडी छातीशी धर, वरून घोंगडी घे, दर दोन तासांनी पाज, झोपली असली तरी उठवून. येत्या वीस तारखेला, रविवारी, मी पहिल्या गाडीनं पोलादपूरला उतरून कुडपणला चढून येते. काटा घेऊन येते आणि नर्सबाईला बरोबर आणते. साळूबाईंना सांगून ठेव, अडकित्ता तेवढा वेळ त्यांनी हातात धरून शेजारी उभं राहावं, माझी हरकत नाही. पण या वेळी मी पडवीत बसणार नाही. तुझ्या आईला आधीच सांग, म्हणजे दारात कुणाला अवघडल्यासारखं होणार नाही. मी आत येणार, दुपटं उलगडणार आणि तुझी मुलगी माझ्या हातानं तोलणार. आकडा जो येईल तो आपण दोघी एकाच वहीत लिहू.

इतकं रागानं लिहूनही तुझीच,
मंजुळा